समुद्र उचलून आणणारा माणूस : फिलिप हेन्री गॉस

सुरत शहरात तापीच्या पलतीरावर पाल नावाचा भाग आहे. तेथे सुरत महानगरपालिकेने २०१४ साली एक मोठे मत्स्यालय सुरू केले व त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव दिले. सुटीच्या दिवशी येथे मुलाबाळांसह आलेल्यांची दाटी असते. गोड्या पाण्यातले मासे आपण तळ्यात, नदीत, फार काय घरच्या काचेच्या पेटीतही पाहिलेले असतात. परंतु खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसमोर उभे राहिले म्हणजे विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहत नाही. डुमसचा किनारा शहरापासून फार दूर नाही हे खरे. पण खंभातच्या आखातातील जोरदार भरती-ओहोटीने ढवळलेले ते गढूळ पाणी आणि हे काचेमागचे नितळ पाणी यांत काहीच साम्य नाही. मग हा समुद्र येथे आला कसा, आणि जिवंत राहिला कसा?

या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ज्या थोड्या लोकांनी शोधले, त्यांत फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचे स्थान फार वरचे आहे. ॲक्वेरियम हा शब्द आज आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तो शब्द सागरी प्राण्यांच्या काचपेटीला चिकटवून घरोघर नेला तो गॉसने. मी सुरतेत प्राणिशास्त्र शिकवतो. मध्यंतरी आमच्या प्रयोगशाळेतील खाऱ्या पाण्याची पेटी एका जागेहून दुसऱ्या जागी हलवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने मी या माणसाचे चरित्र पुन्हा एकदा नीट वाचले. त्याच्या आयुष्यात विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शिकावे असे पुष्कळ आहे. आणि सावध व्हावे असेही काही आहे.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर येथे झाला. वडील टॉमस गॉस हे हिंडते चित्रकार होते. गावोगाव फिरून लोकांची लहान आकाराची व्यक्तिचित्रे काढावीत व मिळेल त्यावर संसार चालवावा, असा त्यांचा क्रम. घरात पैसा बेताचाच. पुढे हे कुटुंब डॉर्सेट परगण्यातील पूल या बंदरात स्थायिक झाले व समुद्र हाच या मुलाचा सवंगडी बनला. सुझन बेल नावाच्या त्याच्या आत्याला निसर्गाची मोठी आवड होती. खडकांवरची समुद्रफुले ओळखायला तिने भाच्याला शिकवले, आणि ती समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहावीत ही कल्पनाही तिच्याकडूनच त्याला मिळाली. वडिलांकडून सूक्ष्म चित्रकलेचा हात आणि आत्याकडून पाहणारा डोळा, एवढीच त्याची वडिलोपार्जित मिळकत. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, पोटापाण्यासाठी तो अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर या गावी एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेला. कॉडमासे आणि सील यांचा हिशेब लिहिता लिहिता त्याने १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरील एक जुने पुस्तक विकत घेतले व त्या क्षणापासून कीटकांचा पद्धतशीर अभ्यास आरंभला. त्याच वर्षी त्याच्या मनाने धर्माचाही ध्यास घेतला. या दोन ओढी पुढे आयुष्यभर त्याच्या सोबत राहिल्या. १८३५ मध्ये तो कॅनडातील कॉम्प्टन येथे शेती करायला गेला. तीन वर्षे राबूनही शेती बुडाली. मग १८३८ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवण्याची नोकरी त्याने धरली. तेथील गुलामगिरी पाहून त्याचे मन विटले आणि एका वर्षाच्या आतच तो मायदेशी निघाला. तिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या माणसाजवळ त्या वेळी काय होते? टिपणे, चित्रे आणि कीटकांचा संग्रह. व्यवहारी माणसाने त्याची गणना अपयशी लोकांतच केली असती.

परंतु त्या टिपणांतूनच १८४० साली 'द कॅनेडियन नॅचरॅलिस्ट' हे पुस्तक निघाले व त्याच्या लेखनास वाट सापडली. १८४४ मध्ये तो जमैका बेटावर गेला. तेथील दीड-एक वर्षाच्या वास्तव्यात त्याने पक्ष्यांचा जो अभ्यास केला, त्याचे फळ म्हणजे १८४७ चे 'द बर्ड्‌स ऑफ जमैका'. या कामी जमैकाचाच रहिवासी रिचर्ड हिल याची मोठी मदत त्याला झाली. मेलेल्या पक्ष्यांची मापे घेण्याइतकेच जिवंत पक्षी कसा वागतो हे पाहणेही महत्त्वाचे, हा त्याचा आग्रह या ग्रंथात स्पष्ट दिसतो. १८४८ मध्ये एमिली बोझ या विदुषीशी त्याचा विवाह झाला. ती धार्मिक पुस्तिका लिहीत असे व वयाने त्याच्याहून मोठी होती. पुढल्याच वर्षी त्यांना एडमंड हा मुलगा झाला.

लंडनमध्ये रात्रंदिवस लिहून व सूक्ष्मदर्शकात डोळे घालून गॉसची प्रकृती ढासळली, तेव्हा १८५२ च्या आरंभी हे कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. येथून त्याच्या आयुष्याचा खरा अध्याय सुरू होतो.

त्या काळी समुद्रातील प्राणी म्हणजे मद्यार्काच्या बाटलीतील पांढरी पडलेली प्रेते, असाच शास्त्रज्ञांचाही परिचय असे. जिवंत प्राणी लंडनला आणले तरी पाणी दोन-चार दिवसांत कुजे व सारे मरून जात. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईने टॉर्की येथून जिवंत प्रवाळ समुद्राच्या पाण्यात घालून लंडनला नेले होते. त्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची दासी रोज बराच वेळ ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसे. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की पाण्यात योग्य प्रमाणात वनस्पती वाढू दिल्या तर त्या प्राणवायू सोडतात व प्राण्यांचे जीवन सुरळीत चालते. हाच विचार गॉस किनाऱ्यावर स्वतंत्रपणे पडताळून पाहत होता.

त्याच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. ओहोटीला तो छिन्नी-हातोडा घेऊन खडकांत उतरे. शैवल हवे असेल तर ते उपटायचे नाही, ज्या खडकाला ते धरून आहे त्याचा तुकडाच फोडून घ्यायचा. कारण बूड तुटलेले शैवल पेटीत कुजते व पाणी नासवते. समुद्रफुले दूरच्या प्रवासाला पाण्याच्या भांड्यात कोंबण्यापेक्षा ओल्या शैवलात गुंडाळून पाठवलेली चांगली, हे त्याने अनुभवाने जाणले. मासे व कोळंबी मात्र पाण्यातच, तेही गर्दी न करता. समुद्राचे पाणी नदीच्या मुखापासून दूरवर जाऊन भरायचे. ज्या पिंपातून ते न्यायचे, ते नव्या ओक लाकडाचे नसावे, कारण लाकडातील तुरट द्रव्य पाण्यात उतरून प्राणी मरतात. पेटी भरल्यावर काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करायची व पाणी आटेल तसतसे गोडे पाणी घालून ती पातळी राखायची, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. या सूचना आज वाचताना साध्या वाटतात. पण त्यांतील एकेक सूचना मिळवण्यासाठी किती प्राणी मेले असतील याची कल्पना केलेली बरी.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने रीजंट्‌स पार्कमध्ये मे १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले. काचेच्या टाक्यांतून जिवंत जलचर लोकांना दाखवणारे हे पहिले सार्वजनिक दालन होय. त्यासाठी सागरी प्राणी पुरवण्याचे काम गॉसने केले. वेमथच्या किनाऱ्यावर राहून तो प्राणी गोळा करी व लंडनला धाडी. आगगाडी नसती तर हे शक्यच झाले नसते. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, त्याचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक त्याने स्वतः काढलेल्या रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाले आणि हातोहात खपले. काचेवरील कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. घराघरांतील दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या पेट्या दिसू लागल्या.

पण किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्याने समुद्राचे पाणी आणावे कोठून? गॉसने १८५४ मध्ये त्यावरही तोड काढली. एका गॅलनाहून, म्हणजे सुमारे साडेचार लिटरहून, किंचित कमी पाण्यात साडेतीन औंस मीठ, पाव औंस एप्सम साल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड व ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड असे त्याचे प्रमाण होते. दांडी आणि धरासणा ही १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने अजरामर झालेली गावे त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातलीच. तेव्हा मीठ म्हणजे काय हे या भागातील माणसाला सांगायला नको. तरीही नुसते मीठ पाण्यात विरघळवले म्हणजे समुद्र होत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गॉसने हे क्षार मिसळल्यावर लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी त्याने शैवल असलेले दगड ठेवले, काही दिवस जाऊ दिले, आणि मगच एकेक प्राणी आत आणला. पाण्याला मुरू दिले पाहिजे, हे त्याला कळले होते. ते का, हे मात्र त्याला कळणे शक्य नव्हते.

ते कारण आमची पेटी हलवताना मला प्रत्यक्ष हाताळायला मिळाले. अडीचशे लिटरांची पेटी. अठवा भागातून निघून तापीवरील पूल ओलांडून पालला नव्या खोलीत न्यायची. आत दोन जोकरमासे, एक समुद्रफूल, शंखात राहणारे काही खेकडे, वाळू आणि दगड. भरलेली पेटी उचलणे अशक्य. अडीचशे लिटर खाऱ्या पाण्याचे वजनच अडीचशे किलोहून अधिक भरते व काचेचे सांधे फाटतात. आम्ही आदल्या दिवशी माशांचे खाणे बंद ठेवले. साबण न लागलेल्या कॅनमध्ये पेटीतलेच पाणी भरून घेतले. दगड त्याच पाण्यात बुडवून ठेवले, वाळूवर पाण्याचा थर राहू दिला. मासे झाकणाच्या बादलीत, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून. टेम्पो सावकाश हाकला. पोहोचल्यावर आधी वाळू, मग दगड, मग पाणी, आणि तापमान सारखे झाल्यावर सर्वांत शेवटी प्राणी. एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने दगड नळाखाली धुऊन स्वच्छ करायला निघाला होता, त्याला थांबवावे लागले. कारण त्या बुळबुळीत दगडांवर व वाळूच्या कणांवरच सगळ्या पेटीचा जीव असतो.

माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग बरेच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू त्या दगडांवर व वाळूत वस्ती करून असतात. ही वस्ती जमायला काही आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने ती थोड्या वेळात मरते. हे सूक्ष्मजंतू सर्गेई विनोग्राद्‌स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. गॉस त्यापूर्वी दोन वर्षे निवर्तला होता. थोडक्यात, खाऱ्या पाण्याची पेटी हलवणे म्हणजे पाणी आणि मासे हलवणे नव्हे. त्या पेटीत हळूहळू साठलेला काळ हलवणे होय. भूतकाळ नसलेल्या पेटीत मासा जगत नाही. गॉसला हे जंतू दिसले नाहीत, पण पेटीला भूतकाळ लागतो हे त्याने निरीक्षणाने हेरले होते.

आणि म्हणूनच त्याच्या आयुष्यातील १८५७ हे साल मला फार चटका लावते. त्याच्या आदल्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला होता. १८५७ च्या फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने, दीर्घ यातना सोसून, वारली. आठ वर्षांच्या आतले पोर घेऊन गॉस सप्टेंबरात डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचा राहायला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने 'ऑम्फॅलॉस' नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. भूगर्भशास्त्र सांगत होते की पृथ्वी अतिप्राचीन आहे. त्याची श्रद्धा सांगत होती की ती थोड्या दिवसांत निर्माण झाली. गॉसने त्यावर अशी उपपत्ती मांडली की ईश्वराने सृष्टी निर्मिली तीच मुळी तयार भूतकाळासह. झाडांच्या खोडात न घडलेल्या वर्षांची वलये आणि खडकांत कधीच न जगलेल्या प्राण्यांचे अवशेष. धर्म आणि विज्ञान यांची यामुळे दिलजमाई होईल अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात ती कोणासच पटली नाही. वैज्ञानिकांनी ती हसण्यावारी नेली, आणि धार्मिकांना ईश्वराने खडकांत खोटी साक्ष पेरली ही कल्पना सहन झाली नाही. पुस्तकाच्या प्रती रद्दीत गेल्या. दोनच वर्षांनी डार्विनचा ग्रंथ आला.

गॉसला हसणे सोपे आहे. मला तसे करवत नाही. आपल्याकडे दिवसा प्रयोगशाळेत एक आणि संध्याकाळी घरी दुसरेच मानणारे पदवीधर थोडे नाहीत, आणि त्यांना त्यात काही विसंगती वाटतही नाही. गॉसला ती विसंगती बोचत होती. ती मिटवण्यासाठी त्याने आपली कीर्ती पणाला लावली. दुर्दैव एवढेच, की काचेच्या एका पेटीला तयार भूतकाळ देता येत नाही हे ज्याने हातांनी अनुभवले, त्यानेच साऱ्या पृथ्वीला तो देऊ केला.

या आघातानंतरही तो खडकांकडे परतला. १८५८ ते १८६० या काळात ब्रिटनमधील समुद्रफुलांवरील 'ॲक्टिनोलॉजिया ब्रिटानिका' हा त्याचा ग्रंथ क्रमशः निघाला. त्यातील चित्रे आजही अभ्यासकांना मोलाची वाटतात. १८६० मध्ये त्याने एलायझा ब्राइटवेन हिच्याशी दुसरा विवाह केला व घरात पुन्हा स्वस्थता आली.

पण दुसरे एक दुःख त्याच्या वाट्याला यायचे होते. त्याची पुस्तके वाचून लोक झुंडीने किनाऱ्यावर लोटले. विक्रीसाठी प्राणी गोळा करणारेही आले. पेट्या भरल्या, बहुतेकांचे प्राणी काही दिवसांत मेले व पेट्या पुन्हा भरण्यासाठी खडक पुन्हा ओरबाडले गेले. १८६० नंतर ती हौस ओसरली, तोवर गॉसने बाळपणीच्या आनंदाने ज्यांचे वर्णन केले होते ती डेव्हनची खडकातली कुंडे उजाड झाली होती. एडमंड पुढे नामवंत साहित्यिक झाला. १९०७ च्या 'फादर अँड सन' या पुस्तकात त्याने हा विध्वंस आणि त्याची जबाबदारी जाणवून वडिलांना झालेला विषाद नोंदवला आहे. गॉसचा हेतू शुद्ध होता. सृष्टीचे कौतुक लोकांना दाखवावे, याहून त्याला काही नको होते. परंतु एक पेटी भरण्याचे शास्त्र सांगताना, हजारो पेट्या भरल्या तर किनाऱ्याचे काय होईल, हा हिशेब त्याने केला नव्हता.

उतारवयात त्याने ऑर्किड वाढवले, रात्री जागून आकाश न्याहाळले, आणि सी. टी. हडसन याच्यासह रोटिफेरा या सूक्ष्म प्राण्यांवरील ग्रंथ १८८६ मध्ये पूर्ण केला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे त्याचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण अभ्याससहलीला मालवणला वा कारवारला जातात. इकडील विद्यार्थी कच्छच्या आखातात पिरोटनला जातात. त्या आखाताचा काही भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना २००१ साली संरक्षण मिळाले आहे. हा कायदा काही सरकारी अडवणूक नव्हे. डेव्हनच्या किनाऱ्याने जे भोगले त्याचे शहाणपण त्यात आहे. ओहोटीच्या वेळी खडकाच्या कुंडाशी बसा, वही उघडा, दिसेल ते काढा. गॉसची चित्रे पाहिलीत तर डोळा आणि पेन्सिल यांनी किती मिळवता येते ते कळेल. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. आमच्या अडीचशे लिटरांच्या पेटीचा काळ जपायला आम्हांला एक दिवस धावपळ करावी लागली, आणि पुढे दोन आठवडे रोज अमोनिया तपासावा लागला. त्या कुंडाचा काळ किती शतकांचा आहे, आणि तो कोणत्याही टेम्पोत भरता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी गॉसचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.